एकच हाक, दोन श्रोते

आषाढातल्या सरी काशीवर कोसळू लागल्या की ब्रह्मा घाटाचे रूप पालटते. गंगा एकेक पायरी वर चढते, नावा वरच्या अंगाला आणून बांधतात आणि स्नानाला येणाऱ्यांची जागा दिवसेंदिवस आखडत जाते. या घाटाच्या आणि शेजारच्या दुर्गा व पंचगंगा घाटांच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. रात्री निजानीज होते न होते तोच साचलेल्या पाण्याकडून ‘डराव् डराव्’ असा घोष सुरू होतो. अशा वेळी घरातले एखादे मूल अंथरुणातून विचारते, “आजोबा, एवढ्या गलक्यात त्यांचं त्यांना तरी काय कळत असेल हो?” आजोबा “झोप आता” म्हणून वेळ मारून नेतात. पण प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नाही. त्याचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे घालविली आहेत.

बेडकांचे हे बोलणे आपल्या पूर्वजांच्या कानांतून सुटले नव्हते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एकशे तिसरे सूक्त मंडूकांचेच आहे. वर्षभर व्रतस्थ राहिलेल्या ब्राह्मणांप्रमाणे पावसाळा येताच बेडूक बोलू लागतात आणि गुरूमागून शिष्याने संथा म्हणावी तसा एक बेडूक दुसऱ्याचा बोल उचलतो, असे तेथे वर्णिले आहे. ब्रह्मा घाटापासून जवळच रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. तेथील पाठ ज्याने ऐकला असेल त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावयास नको. तिच्यातील निरीक्षणही खरे आहे. अनेक जातींतील शेजारी नर आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळू नये म्हणून खरोखरच आळीपाळीने ओरडतात.

मात्र हे सारे वर्णन बोलणाऱ्याचे झाले. ऐकणाऱ्याचे काय? बहुतेक जातींत हाक देतो तो नर. आपल्याकडचा मोठा बेडूक पावसाळ्यात पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून साद घालतो. मादी बहुधा गप्प असते. पण अंधारात, नाना जातींच्या कोलाहलात आपल्याच जातीचा नर ओळखून त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे काम तिचे असते. ओळख चुकली तर त्या वर्षीची अंडी वाया जातात. नराची चिंता निराळी. शेजारचा प्रतिस्पर्धी किती जवळ आला आणि आपली जागा राखण्यासाठी किती जोर लावावा, हे त्याला कळले पाहिजे. हाक एकच असते, पण दोघांना तिच्यातून हवे असते ते वेगवेगळे.

या भेदाचे सुंदर उदाहरण पोर्तो रिको बेटावर सापडले. तेथे ‘कोकी’ नावाचा लहानसा वृक्षमंडूक आहे. त्याची हाक दोन स्वरांची, पहिला ‘को’ आणि दुसरा ‘की’. तिच्यावरूनच त्याला हे नाव पडले. पीटर नॅरिन्स आणि रॉबर्ट कॅप्रानिका या शास्त्रज्ञांनी हे दोन स्वर वेगवेगळे करून ध्वनिक्षेपकावर ऐकविले. तेव्हा नर उत्तर देत तो ‘को’ला आणि मादी वळे ती ‘की’च्या दिशेने. ‘को’ म्हणजे शेजारी नराला दिलेली समज आणि ‘की’ म्हणजे मादीला दिलेले आमंत्रण! १९७६ साली त्यांनी याचे कारणही दाखवून दिले. कानाकडून मेंदूकडे जाणारे श्रवणतंतू नरात आणि मादीत सारख्या रीतीने जुळविलेले नसतात. ‘की’चा स्वर सेकंदाला सुमारे २,००० कंपनांचा असतो आणि मादीचे कान त्याला अधिक जागरूक असतात. ‘को’ त्याहून खालच्या पट्टीत असतो. म्हणजे निवड मेंदूत पोहोचण्यापूर्वी कानाच्या उंबरठ्यावरच सुरू होते.

पुढचे काम मध्यमेंदूचे. बेडकाला आपल्यासारखी कानाची पाळी नसते. डोळ्यामागे दिसणारी गोल चकती हाच त्याचा कानाचा पडदा. पडद्यामागील अंतःकर्णात हवेतील आवाज टिपणारी दोन इंद्रिये असतात, एक मुख्यतः खालच्या स्वरांसाठी आणि दुसरे वरच्या स्वरांसाठी. या दोहोंकडून आलेले संदेश मेंदूच्या देठातून मध्यमेंदूतील एका केंद्रात एकत्र येतात. स्वराची उंची, हाकेची लय आणि दिशा यांचा मेळ तेथे घातला जातो. शरीरातील संप्रेरकांचा या केंद्राच्या प्रतिसादावर परिणाम होतो, असेही आढळले आहे. त्यामुळे अंडी घालण्याच्या हंगामातील मादीचे ऐकणे आणि इतर वेळचे तिचे ऐकणे एकसारखे असेलच असे नाही.

चीनमधील ह्वांगशान भागात ओढ्याकाठी राहणाऱ्या एका बेडकाने तर शास्त्रज्ञांना थक्कच केले. खळाळत्या पाण्याच्या आवाजावर मात करण्यासाठी तो माणसाला ऐकू न येणाऱ्या अतिउच्च स्वरांचा उपयोग करतो, हे २००६ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली नर-मादीची तुलना झाली. नराची श्रवणशक्ती सेकंदाला ३५,००० कंपनांपर्यंत पोहोचते, तर मादीची जवळजवळ १६,०००पर्यंत. नराचा पडदा खोलगट विवराच्या तळाशी असतो, मादीचा तसा नसतो.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे वाटते. हे वाचून घरातल्या कोणी “बघा, बायकांचे आणि पुरुषांचे कान मुळातच निराळे!” असा टोमणा मारण्याची घाई करू नये. बेडकांवरील प्रयोग बेडकांविषयी सांगतात. माणसाच्या ऐकण्यात शिक्षण, सवय, भाषा आणि आस्था यांचा वाटा फार मोठा आहे. या प्रयोगांतून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ऐकणे म्हणजे कानांवर पडेल ते साठविणे नव्हे. ऐकणे म्हणजे निवडणे. आणि निवडता यावयाचे तर आवाज पोहोचला पाहिजे.

नेमके तेथेच संकट आहे. थायलंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमानांच्या व मोटारसायकलींच्या आवाजाने काही जातींच्या बेडकांचे ओरडणे कमी झाल्याचे दिसून आले. ओढ्याच्या आवाजावर उपाय शोधावयास त्या चिनी बेडकाला निसर्गाने मुबलक काळ दिला. ध्वनिक्षेपकावर आणि भोंग्यांवर उपाय शोधावयास आपण बेडकांना किती काळ देणार?

आवाजाइतकीच जागेचीही अडचण आहे. ब्रह्मा घाटापासून फार दूर नसलेल्या मच्छोदरी बागेच्या नावात एका जुन्या तलावाची, मत्स्योदरीची, आठवण उरली आहे. १८२०च्या दशकात टाकसाळीचा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने शहराच्या आरोग्यासाठी अशा दलदलींतील पाण्याचा निचरा करविला. हेतू चांगला होता, पण तलाव गेला की त्याच्या काठचे बोलणेही जाते. तंगड्यांच्या परदेशी व्यापारासाठी आपल्या देशात बेडकांची अतोनात हत्या होत असे. पिकांवरील किडे फस्त करणारा हा मित्र हरवत चालल्याचे ध्यानी आल्यावर १९८७ साली ही निर्यात बंद करण्यात आली.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात मुलाने तो प्रश्न विचारला तर “झोप आता” म्हणू नका. दिवा मालवा, खिडकी उघडा आणि त्याला सांगा, “ओरडतोय तो बाबा आहे. पण अंधारात कुठंतरी आई गप्प बसून ऐकते आहे. आपण थोडं हळू बोलू या, म्हणजे तिला नीट ऐकू येईल.”