आधी नेम, मग साबण, मग पंगत

शनिवारी दुपार कलली की पवना धरणाच्या काठावर एकेक गाडी येऊन थांबू लागते. कुठे सोसायटीतली सात-आठ कुटुंबे, कुठे ऑफिसातली मंडळी, कुठे कॉलेजचे जुने मित्र. तंबू आधीच उभारलेले असतात. चहा आणि कांदाभजी आली की मोठी माणसे गप्पांत रमतात आणि मुले धावतात ती एअरगनकडे. समोर लाकडी फळीवर रंगीत फुगे, अलीकडे एक टेबल, टेबलावर बंदूक आणि वाटीत छर्रे. एका हातात भजी, दुसऱ्या हाताने नळीत छर्रा. फुगा फुटला की टाळ्या. चार पावलांवर बार्बेक्यूचा कोळसा पेटत असतो आणि चुलीवर रश्श्याचा टोप चढलेला असतो.

यात वाईट काहीच नाही. आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाने दोन दिवस मोकळ्या हवेत घालवावेत, चार घरांनी एकत्र जेवावे, हे मनाला आणि शरीराला हवेच असते. नेमबाजीही उत्तम खेळ आहे. श्वासावर ताबा, शरीराची स्थिरता आणि एकाग्रता त्यात लागते. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच्याकडे पाहून एखाद्या मुलीला बंदूक हातात घ्यावीशी वाटली तर आनंदच आहे. अडचण एवढीच, की हा खेळ मैदानावरून कॅम्पवर आला तेव्हा बंदूक आली, छर्रे आले, पण शिस्त मागेच राहिली.

खऱ्या नेमबाजीच्या मैदानावर काय असते? आज्ञा देणारा एकच माणूस असतो. त्याने सांगितल्याशिवाय कोणी छर्रा भरत नाही आणि शेवटची बंदूक रिकामी झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी रेषेच्या पुढे जात नाही. बंदूक खाली ठेवताना तिच्या नळीत भडक रंगाची दोरी घालतात, म्हणजे ती रिकामी असल्याचे लांबूनही दिसते. नेम धरण्याच्या जागी खाणेपिणे चालत नाही. पदक जिंकलेल्यांनाही हे नियम लागू असतात. कॅम्पवर मात्र आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला यातले काहीच सांगितले जात नाही.

ठरावीक क्षमतेच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यातून ती खेळण्यासारखीच आहे, असा समज पसरला आहे. साधा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा आणि सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो नळीतून सेकंदाला शंभर-दीडशे मीटर वेगाने बाहेर पडतो, म्हणजे ताशी सुमारे साडेतीनशे ते साडेपाचशे किलोमीटर. डोळा फुटायला याहून कितीतरी कमी वेग पुरतो. शिवाय छर्रा दगडावर किंवा पत्र्यावर आपटला तर उलटून येतो. त्यामुळे इजा नेम धरणाऱ्यालाच होईल असे नाही. शेजारी उभ्या भावाला, फुगे लावायला पुढे गेलेल्या मुलाला किंवा फळीमागून वाट काढणाऱ्यालाही ती होऊ शकते.

डोळ्याला छर्रा लागलाच, तर घाबरलेले हात नेमके नको ते करतात. पाण्याचे हबके मारतात, चोळतात, कुठले तरी थेंब टाकतात. यातले काहीही करू नये. डोळ्यावर दाब न देता त्यावर कागदी पेल्याचे बूड अलगद चिकटवावे, रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते, आणि नेत्रशल्यचिकित्सेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वाटीतला एक छर्रा सोबत न्यावा. तो शिशाचा आहे की पोलादाचा हे डॉक्टरांना कळायला हवे, कारण शरीरात पोलादाचा तुकडा असताना एमआरआय तपासणी घातक ठरू शकते.

ही झाली दिसणारी इजा. न दिसणारी इजा भजी खाणाऱ्या हातावर असते. बहुतेक छर्रे शिशाचे असतात. ते हाताळताना बोटांना करडा थर लागतो आणि तेच बोट पावाला, भाकरीला, तोंडाला लागते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. मुलांच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि रक्तातली अमुक पातळी निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. सॅनिटायझर इथे उपयोगाचा नाही. तो जंतू मारतो, पण धातू हातावरच राहतो. त्याला साबण आणि वाहते पाणीच हवे.

एका शनिवारी दहा छर्रे उडवून कोणाला शिशाची विषबाधा होणार नाही. पाहुण्यांनी घाबरून जाऊ नये, हात धुवावेत, एवढे पुरे. खरी काळजी आहे ती टेबलामागे उभ्या असलेल्या मुलाची. तो आसपासच्या गावातलाच असतो, अठरा-वीस वर्षांचा. पाहुणे दोन दिवसांनी घरी जातात, तो मात्र प्रत्येक शनिवार-रविवार, सुट्ट्यांत तर रोज, शेकडो छर्रे हाताळतो. गर्दी झाली की भरायला सोपे जावे म्हणून चार छर्रे ओठांत धरतो. त्याच टेबलावर डबा उघडतो. संध्याकाळी फळीखालचा कचरा झाडतो आणि तेच कपडे घालून घरी जाऊन लहान भावंडाला उचलून घेतो.

शिसे रक्तातून हाडांत जाऊन बसते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. लक्षणेही साधी असतात. थकवा, पोटात कळा, बद्धकोष्ठता, चिडचिड, रक्त कमी होणे. असा तरुण दवाखान्यात आला तर पित्ताची गोळी, लोहाची गोळी घेऊन परत जातो. तू काम काय करतोस, हे त्याला बहुधा कोणी विचारत नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या आजारांवरचा ग्रंथ 1700 साली प्रसिद्ध केला आणि रुग्णाला त्याचा धंदा विचारण्याचा आग्रह धरला. सव्वातीनशे वर्षांनंतरही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न राहून जातो. तो विचारला गेला तर पुढचे अवघड नाही, रक्तातल्या शिशाची तपासणी उपलब्ध आहे.

उरली पंगत. तिच्यातही क्रम चुकला की त्रास होतो. कच्च्या कोंबडीला मसाला चोळलेले हात आणि ताटली न धुता भाजलेल्या तुकड्यांना लावायची नाही. रात्रीचा उरलेला भात टोपात तसाच ठेवून सकाळी त्याचा फोडणीचा भात करायचा नाही. भातात उकळीतूनही तग धरणारे जिवाणूंचे बीजाणू असतात, ते रात्रीत वाढतात आणि त्यांचे काही विष फोडणीच्या उष्णतेलाही दाद देत नाही. बार्बेक्यूचा उरलेला निखारा ऊब मिळावी म्हणून तंबूत तर कधीच न्यायचा नाही. बंद तंबूत साचणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास येतो, आणि त्याने झोपेतच मृत्यू होतो.

उपाय महाग नाहीत. नेमबाजी उजेडात आणि जेवणाआधी व्हावी. ती संपली की बंदूक रिकामी करून कुलपात जावी, आणि मद्याची बाटली, ज्यांना उघडायची असेल त्यांनी, त्यानंतरच उघडावी. टेबल चुलीपासून दूर असावे, फळीमागे मातीचा बांध किंवा छर्रे अडवणारी पेटी असावी. नेम धरणाऱ्याने आणि जवळच्या प्रत्येकाने पॉलिकार्बोनेटचे चष्मे लावावेत, रोजच्या वापराचा चष्मा त्यासाठी पुरेसा नाही. टेबलाशेजारी पाण्याचे पिंप, तोटी आणि साबणाची वडी असावी. शिशाविरहित छर्रेही मिळतात. ते थोडे महाग पडतात, पण तेवढी वाढ पाहुण्यांच्या बिलात सहज सामावेल. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. कॅम्पची तपासणी करणाऱ्यांनी तंबू आणि जीवरक्षक जॅकेटांबरोबर हे टेबलही पाहायला हवे.

सगळे सरकारवर ढकलण्याचीही गरज नाही. कॅम्प ठरवताना पाहुणे फोनवर बरेच काही विचारतात. जेवण शाकाहारी मिळेल का, संगीत किती वाजेपर्यंत, अंघोळीला गरम पाणी आहे का. त्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. चष्मे आहेत का, आणि हात धुवायला साबण कुठे आहे? दहा गटांनी हे विचारले तर अकराव्याला विचारावे लागणार नाही. आणि त्या साबणाचा सर्वांत जास्त उपयोग पाहुण्यांपेक्षा त्यांना छर्रे भरून देणाऱ्या त्या मुलाला होईल.