छर्ऱ्यांना लगाम कुणाचा?

छर्ऱ्याच्या बंदुकीला लावलेला ‘कमी घातक’ हा शब्द सरकारी कागदावर मोठा सोज्वळ दिसतो. बंदूक तीच, १२ बोअरची. बदलते ते काडतूस. एकसंध शिशाची गोळी रानडुकरासाठी, मोठे छर्रे हरणासाठी, बारीक छर्रे पाखरांसाठी. काश्मीरमध्ये २०१० पासून जमावावर झाडले गेले ते यातले शेवटचे, म्हणजे मुळात शिकारीचेच.

८ जुलै २०१६ रोजी दहशतवादी कमांडर बुरहान वाणी मारला गेल्यानंतर निदर्शने पेटली. पुढच्या ३२ दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे वापरल्याचे केंद्रीय राखीव पोलीस दलानेच जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाला सांगितले. एका काडतुसात साडेचारशेच्या आसपास छर्रे असतात आणि नळीतून सुटताच ते पांगतात. नेम कमरेखाली धरायचा, हा नियम आहेच. पण पळत्या, वाकत्या, दगड उचलणाऱ्या माणसावर तो पाळता येत नाही, ही कबुलीही दलाचीच. दगड मारणारा आणि खिडकीत उभी असलेली मुलगी यांतला फरक छर्ऱ्याला कसा कळावा?

श्रीनगरच्या रुग्णालयात शेकडो जखमी डोळे आले. मुंबईचे नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. नटराजन यांनी तिथे जाऊन शस्त्रक्रिया केल्या.

मग मिरचीसारख्या तिखट ‘पावा’ नळकांड्यांचा पर्याय आला, छर्रे वर उडू नयेत म्हणून बंदुकीला डिफ्लेक्टर बसवले गेले. छर्ऱ्याची बंदूक मात्र भात्यातून गेली नाही. याउलट, अमेरिकेत ऑस्टिन पोलिसांनी २०२० च्या वर्णद्वेषविरोधी निदर्शनांत शिशाने भरलेल्या कापडी पिशव्या झाडल्या. तिथेही डोकी फुटली. मग गर्दीवर त्यांचा वापर थांबवण्यात आला.