दोन पेगांची झोप

महाराष्ट्रात दारूचा परवाना मिळतो तो आरोग्याच्या नावाने. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालच्या त्या कागदावर प्रकृतीच्या रक्षणाची भाषा आजही आहे. तेव्हा पुण्यातला एखादा गृहस्थ 'व्यसन वगैरे नाही हो, फक्त झोपेसाठी दोन पेग' म्हणतो, तेव्हा खुद्द सरकारच त्याच्या बाजूने साक्षीला उभे असते.

त्याचा दावा अगदीच पोकळ नाही. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव मद्यार्क वाढवतो आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबतो. डोळा लवकर लागतो, पहिले काही तास झोप गाढही असते. हे नाकारणाऱ्या प्रचारकावर पिणारा विश्वास कसा ठेवील?

रात्र मात्र तेवढ्यावर संपत नाही. दोन लार्ज म्हणजे १२० मिली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीतून पोटात सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क गेला. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढते. दहाला ग्लास ठेवला तर दोन ते चारच्या सुमारास दारू उतरते आणि दाबलेले ग्लुटामेट उसळते. छातीत धडधड, घाम, लघवीची घाई. दारूने अडवून ठेवलेली स्वप्नांची झोपही मग तुकड्यातुकड्यांनी येते. घोरणाऱ्याचे हाल वेगळेच, कारण घशाचे स्नायू सैलावून श्वास अडतो. पहाटे टक्क जागा झालेला माणूस दोष देतो तो हिंजवडीतल्या साहेबाला!

'सोडून पाहिली, तर झोपच उडाली,' हा मुद्दा जास्त वजनदार. उडते खरी. रोजच्या दारूशी जुळवून घेताना मेंदू गाबाला कमी दाद देऊ लागलेला असतो. दारू थांबताच चेतवणारी बाजू मोकाट सुटते. म्हणजे जे दारूच्या गरजेचा पुरावा म्हणून पुढे केले जाते, ते तिचेच देणे असते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या येरवड्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रातला निवासी उपचार पाच आठवड्यांचा आहे. अंगातली दारू उतरायला काही दिवस पुरतात. झोप पूर्वपदावर यायला कधीकधी महिने लागतात.

मग करायचे काय? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळीऐवजी बोधात्मक वर्तनोपचार सुचवला. त्यात उठण्याची वेळ रोज एकच. पेंग आली तरच अंथरुणात जायचे. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे. (वन बीएचकेत बाल्कनीतली खुर्चीही चालते.) कंटाळवाणे आहे, पण टिकाऊ आहे.

पेगाऐवजी अल्प्राझोलामची गोळी घेणेही सुटका नव्हे. तीही गाबामार्फतच काम करते आणि दारूसोबत घेतली तर श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने हे वाचून आज रात्रीच बाटली फेकू नये. एकाएकी थांबल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. सुरुवातीचे काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात.