बावन्न सेकंदांचा मान

काल गावोगावी झेंडावंदन झाले. आज १६ ऑगस्ट, चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या शहिदांचा दिवस. १९४२ साली याच तारखेला, ऐन नागपंचमीला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने जागी झालेली माणसे तिरंगा घेऊन चिमूरच्या रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बालाजी रायपूरकर यांच्यासारखे तरुण पडले. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मग गोरे सैन्य आले आणि त्याने घराघरांत शिरून बायाबापड्यांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांना ६३ दिवस उपोषण करावे लागले. त्या दिवशी तिरंगा हाती धरणे हाच सरकारच्या लेखी द्रोह होता.

म्हणूनच आज एक अवघड विषय काढावासा वाटतो. राष्ट्रगीताच्या वेळी एखाद्या खेळाडूने निषेध केला, तर आपण त्याच्याकडे कसे पाहायचे?

आपल्याकडे असे कुठे घडते, असे कोणी म्हणेल. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूने ठरवून निषेध केल्याचे ठळक उदाहरण भारतात नाही, हे खरे. पण निषेध नसतानाही खेळाडूला मार बसल्याचे उदाहरण आहे आणि ते शेजारच्या गोव्यातले आहे. २०१६ साली पणजीच्या एका चित्रपटगृहात राष्ट्रगीत सुरू झाले. सगळे उभे राहिले, सलील चतुर्वेदी बसून राहिले. मागून कोणीतरी त्यांना फटका मारला. चतुर्वेदी लेखक आहेत आणि व्हीलचेअर टेनिसमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आहे. त्यांच्या मणक्याला इजा झालेली आहे, त्यांना उभे राहताच येत नाही. वडील हवाई दलात होते. मारणाऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते आणि विचारावेसेही वाटले नाही. समोरचा बसला आहे एवढे दिसले आणि हात उठला.

मारणाऱ्याचे चुकले, असे आज प्रत्येक जण म्हणेल. पण का चुकले? चतुर्वेदींना चालता येत नाही म्हणून? मग धडधाकट माणूस बसून राहिला असता तर तो फटका योग्य ठरला असता का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : तरीही नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत कॉलिन कॅपर्निक या फुटबॉलपटूने कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचारांचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहायला सुरुवात केली. नेट बॉयर या माजी सैनिकाला ते खटकले. त्याने खुले पत्र लिहिले, मग दोघे भेटले, बोलले. बसण्यापेक्षा एक गुडघा टेक, असे बॉयरनेच सुचवले. सैनिक आपल्या मृत साथीदाराच्या थडग्यापुढे तसाच गुडघा टेकतात. १ सप्टेंबर २०१६ ला कॅपर्निकने गुडघा टेकला, तेव्हा बॉयर त्याच्या शेजारी छातीवर हात ठेवून ताठ उभा होता. या साऱ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते हे शेजारी उभे राहणे. दुखावलेल्या माणसाने दुखावणाऱ्याला गाठले, पण हात उगारायला नव्हे. बाकीच्या देशाला मात्र ते जमले नाही. २०१७ पासून एकाही संघाने कॅपर्निकला खेळायला घेतले नाही.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये विजयमंचावर काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावणाऱ्या टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांना तर तडक घरी पाठवण्यात आले. त्यांच्या पाठिंब्यासाठी छातीवर बिल्ला लावणाऱ्या पीटर नॉर्मन या गोऱ्या ऑस्ट्रेलियन धावपटूची देशाने उपेक्षा केली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने माफी मागितली ती २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

आपण फार वेगळे नाही. २८ मे २०२३ ला दिल्लीच्या रस्त्यावर आपल्या कुस्तीगीर मुलींना पोलिसांनी फरफटत नेले, तेव्हा त्यांच्या हातात तिरंगाच होता. लैंगिक छळाच्या आरोपीवर कारवाई करा, एवढीच मागणी होती. याच मुलींच्या विजयावर आपण पेढे वाटले होते. गाऱ्हाणे मांडू लागताच त्यांची देशभक्ती तपासली जाऊ लागली.

कायदा काय म्हणतो? १९७१ चा कायदा राष्ट्रगीत गाण्यात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. राष्ट्रगीताचा आदर हे संविधानाने सांगितलेले मूलभूत कर्तव्यही आहे. पण १९८६ मध्ये केरळमधील तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की धर्मश्रद्धेमुळे न गाता आदराने नुसते उभे राहणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येणार नाही. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा नोव्हेंबर २०१६ चा आदेशही त्याच न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये बदलला आणि ते ऐच्छिक केले.

राष्ट्रगीताला उभे राहावे, ताठ उभे राहावे, असेच आमचे मत आहे. पण धाकाने घेतलेला मान किती पोकळ असतो, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. एटापल्ली, भामरागडकडच्या गावांनी वर्षानुवर्षे १५ ऑगस्टच्या सकाळी काळे झेंडे पाहिले. रात्री बंदूकवाले येऊन ते लावून जात. गाव गप्प राहिले, कारण जीव प्यारा होता. त्या गप्प राहण्याला कोणी नक्षलवाद्यांवरचे प्रेम म्हणाले असते तर आपण संतापलो असतो. मग चित्रपटगृहात शेजाऱ्याच्या भीतीने उठणाऱ्याच्या उभे राहण्याला देशप्रेम कसे म्हणायचे? तिरंग्याला बंदुकीने अडवणाऱ्यांची दहशत आता ओसरत चालली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीसारख्या बड्या नक्षलवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. अशा वेळी तिरंग्याच्या नावाने दुसरी दहशत उभी राहू देणे या जिल्ह्यांना परवडणारे नाही.

याच मातीत निषेधाची एक शहाणी रीतही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेने दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असे ठणकावून सांगितले. तेव्हा अनेकांना त्यात फुटीरपणा दिसला. गाव मात्र कायद्याचा कागद हाती घेऊन जंगलाच्या हक्कासाठी भांडत राहिले आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून मोकळे झाले. देशाला आपला म्हणणाराच देशाशी असा हक्काने भांडतो.

चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर तिरंगा नेला, तेव्हा आपण त्यांच्या मिरवणुका काढल्या. गडचिरोलीच्या रस्त्यांवर आजही भल्या पहाटे पोलीस भरतीसाठी पोरे-पोरी धावताना दिसतात. काहींच्या पायांत धड बूटही नसतात. त्यांच्यातली एखादी उद्या देशासाठी पदक जिंकेल. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, गरोदर बायांना खाटेवर टाकून न्यावे लागते. हे सांगण्यासाठी ती राष्ट्रगीताच्या वेळी दंडाला काळी फीत लावून उभी राहिली, तर वाहिन्यांवर चर्चा त्या फितीची होईल. निदान या दोन जिल्ह्यांतल्या लोकांनी तरी त्या दिवशी तिच्या गावचा रस्ता कुठवर आला, याची चौकशी करावी.