आज्ञांची वही

तुमच्यापैकी ज्यांना संगणकाचा नाद आहे, त्यांच्याजवळ आज्ञांची एखादी वही असेलच. डिस्कवर जागा किती उरली ते कसे पाहावे, डेटाबेसची प्रत कशी काढावी, अशा एकेका ओळीच्या आज्ञा तीत उतरवलेल्या असतात. सर्व्हर सांभाळणारे अनुभवी लोकही अशी वही बाळगतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. माझी तक्रार निराळी आहे. या वह्यांत आज्ञा असते, पण ती कोठे चालवू नये हे लिहिलेले नसते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री काय घडले ते ऐका. इतरांचे प्रोग्राम जपून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक बदल दुय्यम सर्व्हरवर उतरायचा, ते त्या रात्री बंद पडले. तेव्हा दुय्यमावरील डिरेक्टरी पुसून नव्याने नक्कल घ्यावी, असे एका अभियंत्याने ठरवले. आज्ञा बिनचूक होती, पण ती दिली गेली मुख्य सर्व्हरला! एकदोन सेकंदांतच चूक ध्यानात येऊन त्याने हात आवरला. तोवर सुमारे ३०० गीगाबाइटांपैकी जेमतेम साडेचार उरले होते. ('आरएम' या आज्ञेला कचरापेटी ठाऊक नाही. पुसले ते पुसले.)

मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोजची प्रत काढणारी आज्ञा ठरल्या वेळी चालत होती खरी. परंतु डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ चा. त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तसे कळवणारी पत्रे संगणक पाठवी, पण तीही वाटेतच नाकारली जात! अखेर सहा तासांपूर्वी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत कामी आली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

कंपनीने ही सारी हकीकत न लपवता जाहीर केली, हे मला फार मोलाचे वाटते. त्या अभियंत्याला हसणे सोपे आहे. पण ज्या आज्ञेचा परिणाम महिनोन्‌महिने कोणी पाहिला नाही, तिच्यावर विसंबणे ही त्याहून मोठी चूक नव्हे काय?

१९७१ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका तयार केली. तीत आज्ञेच्या वर्णनाबरोबर 'दोष' असाही एक मथळा असे. स्वतःच्याच कामातील उणिवा त्यांनी मोकळेपणाने छापल्या. तुमच्या वहीतही प्रत्येक आज्ञेपुढे हा रकाना आखा. आणि प्रत काढण्याची आज्ञा लिहाल, तेव्हा तिच्याखाली ती प्रत परत भरून पाहिल्याची तारीख घाला. तारीख नसेल, तर अजून तुमच्याजवळ राखीव प्रत नाही असेच धरून चाला.