एकच घर, दोन करहिशेब

पुण्यातील एक घर दोन भावांनी २००४-०५ मध्ये मिळून घेतले, असे समजू. प्रत्येकाचा वाटा २० लाखांचा. पुढे एक भाऊ पुण्यातच राहिला, दुसरा परदेशी स्थायिक झाला. २०२४-२५ मध्ये, नवा नियम आल्यानंतर, ते घर विकले आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक कोटी रुपये आले. घर एक, नफा सारखा. कर मात्र सारखा नाही.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील कर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. त्याच वेळी महागाई निर्देशांकानुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय काढून घेतली. त्यावर टीका झाल्यानंतर ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन व इमारतींसाठी जुन्या आणि नव्या पद्धतींपैकी जिचा कर कमी, ती लागू करण्यात आली. परंतु ही मुभा केवळ निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबे यांच्यापुरती आहे. अनिवासींना ती नाही.

निर्देशांक ११३ वरून २०२४-२५ मध्ये ३६३ वर गेल्याने पुण्यातील भावाची खरेदी किंमत सुमारे ६४.२५ लाख धरली जाते. त्याचा कर होतो सुमारे ७.१५ लाख. परदेशस्थ भावाचा नफा ८० लाख, कर १० लाख. अधिभार व उपकर वेगळे.

खरी कोंडी त्याच्याही आधी, खरेदीखताच्या वेळी होते. निवासी विक्रेत्याकडून खरेदीदार एक टक्का, म्हणजे एक लाख कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत वेगळी तरतूद लागू होते आणि व्यवहारात नफ्यावर नव्हे, तर संपूर्ण विक्री किमतीवर कपात होते. आपल्या उदाहरणात अधिभार व उपकरासह ती १४.३० लाख भरते. नफा भारतातच दुसऱ्या घरात गुंतवून करसवलत घेणाऱ्याचा अंतिम कर शून्य असला, तरी रक्कम विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकते.

यावरील उपाय म्हणजे कमी करकपातीचे प्रमाणपत्र. त्यासाठीचा अर्ज ऑनलाइन करता येतो; पण खरेदीचे मूळ दस्त, विक्रीचा करार, जुनी विवरणपत्रे आणि खरेदीदाराचा तपशील हाताशी लागतो. म्हणजेच खरेदीदार ठरल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही आणि प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी पैसे स्वीकारले, तर त्याचा उपयोग उरत नाही. तीन आठवड्यांच्या रजेत हे सारे बसवणे कठीण. शिवाय कपात चुकल्यास जबाबदारी खरेदीदारावर येत असल्याने पुष्कळ जण अनिवासी विक्रेत्याचे घर घेण्यासच कचरतात.

विक्रेता परदेशी निघून गेल्यावर कर वसूल कसा करायचा, ही सरकारची चिंता रास्त आहे. मात्र एनआरओ खात्यातून पैसे बाहेर पाठवताना करविषयक घोषणापत्र आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र ही तपासणी असतेच. वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादाही आहे. दाराशी पहारा असताना अंगणातच सारी रक्कम अडवून ठेवण्याचे कारण काय? कपात नफ्यावर बेतली, तरी तिजोरीचे नुकसान होणार नाही.

अमेरिकेतील वाचकाला भारतात भरलेल्या कराचे श्रेय तेथील करात मागता येते. दुबईत व्यक्तिगत आयकरच नसल्याने हा भार तसाच राहतो. नियम बदलेपर्यंत शहाणपण इतकेच, की विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी प्रमाणपत्राचा अर्ज मार्गी लावावा आणि ते मिळेपर्यंत विसारही स्वीकारू नये.