वाशिमचे खासदार, मुक्काम पोस्ट डोडा!

मित्रांनो, सबमिशनच्या धावपळीत एक जनरल नॉलेजचा प्रश्न. जम्मू-काश्मीरचे एक माजी मुख्यमंत्री, केंद्रात अनेक खाती सांभाळलेले, राज्यसभेत विरोधी पक्षनेते राहिलेले, ज्यांच्या निरोपाच्या भाषणात पंतप्रधान सभागृहात रडले, ते लोकसभेवर कुठून निवडून गेले होते? श्रीनगर? जम्मू? उधमपूर?

उत्तर आहे वाशिम. होय, आपलंच वाशिम! गुलाम नबी आझाद १९८० आणि १९८४ अशा दोन वेळा वाशिमचे खासदार होते. आमच्या वर्गातल्या एमपीएससीवाल्या ग्रुपला हा प्रश्न विचारला तर चारपैकी तिघांना येत नव्हता आणि चौथ्याला वाटलं मी गंमत करते आहे. माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली, तिथे आम्हाला अमेरिकेचे प्रेसिडेंट ओळीने पाठ होते. आपल्या मतदारसंघाचे खासदार ओळीने कोणी विचारले नाहीत. असो.

आधी माणूस समजून घेऊ. आझाद यांचा जन्म ७ मार्च १९४९ चा, डोडा जिल्ह्यातल्या भलेसा भागातल्या सोती गावचा. काश्मीर विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमएस्सी. १९७३ मध्ये भलेसा ब्लॉक काँग्रेसचे सेक्रेटरी म्हणून सुरुवात, मग युवक काँग्रेस. म्हणजे अगदी तळातून वर आलेला कार्यकर्ता, कोणाचा मुलगा-पुतण्या नाही. ही गोष्ट मला आवडली, कारण आजच्या याद्यांमध्ये असं नाव शोधायला भिंग लागतं.

आता हे वाशिमला कसे? डोडा ते वाशिम रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून जास्त. भाषा वेगळी, पीक वेगळं, हवामान तर विचारूच नका. गोष्ट अशी की १९७७ ला वाशिममधून वसंतराव नाईक निवडून आले होते. तेच ते, १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री असलेले, पुसदजवळच्या गहुलीचे. १९७७ म्हणजे आणीबाणीनंतरची निवडणूक, उत्तरेत काँग्रेसचा पार सुपडा साफ झाला होता आणि तरी वाशिमने काँग्रेसला साथ दिली होती. ऑगस्ट १९७९ मध्ये नाईकसाहेब गेले. जानेवारी १९८० मध्ये निवडणूक आली तेव्हा इंदिराजींना आपल्या विश्वासातली तरुण पोरं लोकसभेत हवी होती, आणि वाशिमसारखी पक्की जागा त्यासाठी उत्तम होती. आझाद तेव्हा तीस वर्षांचे होते.

माझ्या आजोबांना मी विचारलं की तुम्ही तेव्हा काश्मिरी माणसाला मत कसं काय दिलं? त्यांचं उत्तर अस्सल वऱ्हाडी होतं, "आमी बाईले मत देल्लं पोरी, उभा कोन हाय ते कोन पायते!" झालं. संपूर्ण पॉलिटिकल सायन्स एका वाक्यात. १९८४ ला तर इंदिराजींची हत्या झाल्यानंतरची लाट होती, तेव्हा उमेदवार पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढचं करिअर आपण भराभर बघू, कारण ते विकत घेतलेल्या गाईडमध्येही सापडतं. १९८२ मध्ये केंद्रात उपमंत्री, मग एकेक खातं. १९९० ते १९९६ राज्यसभेवर, तेही महाराष्ट्रातून! नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात संसदीय कामकाज आणि नागरी विमान वाहतूक. (आमच्या माजी खासदाराकडे विमानं होती आणि वाशिमच्या रुळांवर मीटरगेज होती. मी फक्त नोंद करते.) १९९६ पासून राज्यसभा जम्मू-काश्मीरमधून. २ नोव्हेंबर २००५ ला मुख्यमंत्री, आणि जुलै २००८ मध्ये अमरनाथच्या जमिनीच्या वादात पीडीपीने पाठिंबा काढल्यावर राजीनामा. २००९ ते २०१४ आरोग्यमंत्री. याच काळात ते म्हणाले होते की खेड्यात वीज पोहोचली तर लोक रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघतील आणि लोकसंख्या आटोक्यात राहील. ते हे बोलले तेव्हा विदर्भात लोडशेडिंग जोरात होतं! २०१४ ला उधमपूरमधून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. मग राज्यसभेत विरोधी पक्षनेते, फेब्रुवारी २०२१ मध्ये निवृत्ती, २०२२ मध्ये पद्मभूषण, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पन्नास वर्षांच्या काँग्रेसला रामराम आणि सप्टेंबरमध्ये स्वतःचा पक्ष. २०२४ च्या लोकसभेत आणि नंतरच्या विधानसभेत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

आता इथे थांबा आणि एक गोष्ट बघा. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत आझाद लोकसभेवर फक्त दोनदा निवडून गेले आणि दोन्ही वेळा त्यांना पाठवलं वाशिमने. बाकी दिल्लीतली सगळी वर्षं राज्यसभेची, म्हणजे आमदारांच्या मतांची. घरच्या मातीत त्यांनी भद्रवाहमधून विधानसभा जिंकली हे खरं, पण लोकसभेची पहिली पायरी आपली होती. पायरीवर पाय ठेवून माणूस वर गेला याचं मला वाईट वाटत नाही. पायरी तिथेच राहिली, त्याचं वाटतं.

लगेच काही मित्र म्हणतील, "बघ, बाहेरचा उमेदवार दिला की असंच होतं." इथे माझा ठाम विरोध आहे. बाहेरचा असणं हा गुन्हा नाही. बाबासाहेब आंबेडकर १९४६ मध्ये संविधान सभेत गेले ते बंगालमधून, कारण मुंबईत त्यांची वाट अडवली गेली होती. बंगालने तेव्हा "तुम्ही आमच्या गावचे नाही" म्हटलं असतं तर? पुण्याचे मधु लिमये बिहारच्या मुंगेर आणि बांकामधून निवडून आले आणि संसद त्यांनी गाजवली. आणि आमच्या विदर्भातच रामटेकने १९८४ आणि १९८९ ला नरसिंह रावांना निवडून दिलं. ते पुढे पंतप्रधान झाले. म्हणजे एकाच दशकात विदर्भाने एक भावी पंतप्रधान आणि एक भावी मुख्यमंत्री दिल्लीला पाठवला, दोघेही बाहेरचे. याला आमचं मोठं मन म्हणायचं की आमची जागा कोणालाही चालते असं दिल्लीने धरलेलं गृहीत?

अमेरिकेत अशा माणसाला 'कार्पेटबॅगर' म्हणतात. तिथल्या यादवी युद्धानंतर उत्तरेचे लोक गालिच्याच्या कापडाच्या पिशव्या घेऊन दक्षिणेत नशीब काढायला आले, त्यावरून पडलेली ही शिवी. १९६४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रॉबर्ट केनेडी न्यूयॉर्कचे सिनेटर झाले तेव्हा हीच ओरड झाली. हिलरी क्लिंटन यांनी न्यूयॉर्क राज्यात घर घेतलं आणि २००० मध्ये तिथूनच सिनेटवर गेल्या, तेव्हाही झाली. पण एक फरक लक्षात घ्या. हिलरींना २००६ मध्ये त्याच न्यूयॉर्ककरांसमोर पुन्हा उभं राहावं लागलं, सहा वर्षांचा हिशोब द्यायच्या तयारीने त्या वागल्या. तिकडेही १९१३ पर्यंत सिनेटर राज्याच्या विधिमंडळातून निवडले जायचे, आपल्या राज्यसभेसारखेच. नंतर घटनादुरुस्ती करून ती निवड थेट लोकांच्या हातात दिली.

आपण नेमकं उलट गेलो. राज्यसभेवर जायचं तर पूर्वी त्या राज्याचा मतदार असावं लागे. मनमोहन सिंग यांचा आसाममधला पत्ता आठवतो का? २००३ मध्ये ती अटच कायद्यातून काढली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बरोबर ठरवलं. आता देशात कुठेही मतदार असलात की कुठल्याही राज्यातून राज्यसभेत जा. म्हणून २०२२ मध्ये उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून गेले आणि विदर्भाचे मुकुल वासनिक राजस्थानमधून. सोंगट्या फिरवाव्यात तसं! आणि आपण? इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला डोमिसाइल काढा, होम युनिव्हर्सिटी कुठली ते सिद्ध करा, अमरावती विद्यापीठाचा मुलगा पुण्यात गेला की त्याच्या सीटचा कोटाच वेगळा. देशाचा कायदा करणाऱ्याला जे लागत नाही ते फर्स्ट इयरच्या पोराला लागतं. माझी तक्रार नाही, पण हसू येतंच.

आता मुख्य मुद्दा. आझादांनी वाशिमसाठी काय केलं, हा प्रश्न लोक लगेच विचारतात, आणि विचारताना डोळ्यासमोर असतो समाजमंदिराचा स्लॅब, हातपंप, बसथांबा. पण खासदार निधी ही योजनाच डिसेंबर १९९३ मध्ये आली. ऐंशीच्या दशकातल्या खासदाराकडे वाटायला पैसा नव्हता. त्याच्याकडे होतं फक्त तोंड, म्हणजे सभागृहात बोलण्याचा हक्क आणि मंत्र्यांच्या दारात जाण्याची ओळख. म्हणून त्यांना हातपंपाच्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

मग कशाने मोजायचं? बघा, १९८३ मध्ये राज्य सरकारने दांडेकर समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिने राज्याच्या विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता, सिंचनापासून रस्त्यांपर्यंत. नेमक्या याच वर्षांत वाशिमचा खासदार केंद्रात मंत्री होता, पंतप्रधानांच्या घरी सहज जाता येईल इतका जवळचा. यापेक्षा चांगली संधी मागासलेल्या भागाला कधी मिळते? पण दिल्लीत मंत्री असलेला खासदार सरकारचा असतो, मतदारसंघाचा राहायला त्याला बांधून ठेवावं लागतं. डोड्याच्या माणसाला वाशिमशी बांधून ठेवणारं काय होतं? इथे शेत नाही, सोयरीक नाही, म्हातारी आई नाही. होतं फक्त पुढच्या निवडणुकीचं भय, आणि लाटेवर निवडून आलेल्या माणसाला तेही नसतं. त्यात दोष आझादांचा किती आणि "उभा कोन हाय ते कोन पायते" म्हणणाऱ्यांचा किती? आजोबा रागावतील, पण मी अर्धा-अर्धा करते.

बरं, स्थानिक माणसाने सगळं होतं असंही नाही ना. १९८९ पासून वाशिमने आपलीच माणसं निवडली. अनंतराव देशमुख, पुंडलिकराव गवळी, सुधाकरराव नाईक, आणि १९९९ पासून सलग पाच वेळा भावना गवळी. या काळात कामं झाली. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा वाशिम जिल्हा झाला, अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला, आता कारंजाच्या बाजूने समृद्धी महामार्गही जातो. आणि तरीही २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांची यादी काढली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार नावांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबादबरोबर वाशिम होतं. सरकारी भाषेत त्याला 'आकांक्षित जिल्हा' म्हणतात. किती गोड शब्द आहे! आमच्या वर्गातल्या नापास मुलांनाही यापुढे आकांक्षित विद्यार्थी म्हणावं अशी एचओडी सरांना नम्र विनंती.

तेव्हा गावचा की बाहेरचा, हा वाद मला खोटा वाटतो. त्या वादात पडलं की उमेदवाराला त्याचं गाव विचारून आपण मोकळे होतो आणि काम विचारायचं राहून जातं. आझाद उद्या वाशिमला येऊन म्हणाले, "मी तुमचा जुना खासदार," तर मी त्यांना चहा देईन आणि एकच विचारीन, वाशिमचा विषय घेऊन तुम्ही लोकसभेत किती वेळा उभे राहिलात? आणि हाच प्रश्न त्यांच्यानंतरच्या प्रत्येकाला, अगदी शेजारच्या गल्लीतल्यालाही विचारीन. आज संसदेच्या वेबसाइटवर प्रत्येक खासदाराचे प्रश्न आणि भाषणं बसल्या जागी वाचता येतात. लॅबमध्ये नेट आहे, क्रिकेटचा स्कोअर बघून झाला की पाच मिनिटं लागतात.

एक गोष्ट राहिलीच. ज्या मतदारसंघाने आझादांना दिल्लीत पाठवलं तो वाशिम लोकसभा मतदारसंघ आता अस्तित्वातच नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला. २००९ पासून वाशिम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशिममध्ये आहेत आणि रिसोड अकोल्याला जोडलेलं आहे. म्हणजे माझ्याच बेंचवर बसणारी रिसोडची मैत्रीण आणि कारंजाची मी एकाच जिल्ह्याच्या, पण आमचे खासदार दोन. २०२४ च्या निकालानंतर माझे यवतमाळ जिल्ह्यातले, तिचे अकोल्याचे. वाशिमला काही मागायचं असेल तर आधी आम्हा दोघींना ठरवावं लागतं की पत्र कोणाला लिहायचं. सध्या आम्ही दोघांनाही लिहिलंय, विषय रेल्वेचाच आहे. उत्तर आलं की पुढच्या अंकात छापू.